अमावस्येला चाललेला धोटा

मंगळवारी सकाळी न बोलावता मागाचा मिस्त्री दारात उभा राहिला. येवल्यात दहा निरोप धाडल्याशिवाय मिस्त्री येत नाही, त्यामुळे हेमलता बाळाला कडेवर घेऊन बघतच राहिली. त्यानं तिच्या सासूबाईंचा, द्वारकाबाईंचा पैठणीचा माग खालीवर तपासला. धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी ती लाकडी होडी, चार वेळा इकडून तिकडे सोडून पाहिला. इतका गुणी माग वर्षभरात पाहिला नाही म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

त्याला निरोप्यानं धाडलं होतं. निरोप्या ही आरोग्य केंद्रानं घरोघर वाटलेली, गळ्यात घालायची बटणाएवढी चकती. दिवसातून तीनदा ती ‘कसं वाटतंय?’ विचारी, माणूस आपल्या बोलीत सांगेल ते ऐकून रकाने भरी, अवजाराची तक्रार असली तर मिस्त्रीला कळवी आणि पडद्यावरच्या भेटीआधी डॉक्टरांपुढे एक पान ठेवी. सोय द्वारकाबाईंसारख्यांसाठीच होती. डॉक्टरांनी काहीही विचारलं, की त्यांचं उत्तर एकच, ‘बरी आहे.’ परक्यापुढे रडगाणं गाऊ नये, ही त्यांची रीत. निरोप्याशी मात्र त्या माहेरच्या माणसासारख्या बोलत.

गुरुवारी दुपारी पडद्यावर डॉक्टर नाहीद आल्या. भूक चांगली, झोप बेताची, असं वाचत त्या ‘कामधंदा’ या रकान्याशी हसल्या. “सोमवारी तीनदा नोंद आहे, धोटा भरभर पळतो, मधेच अडकतो. मिस्त्री आला होता ना?”

द्वारकाबाईंनी घाईनं मान डोलावली. हेमलताही हसली, पण बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला.

“डॉक्टर, सोमवारी अमावस्या होती. अमावस्येला आमच्यात मागाला हात लावत नाहीत.”

द्वारकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

“सासूबाई, कुठला धोटा?”

“हा काय, इथला,” त्यांनी छातीवर हात ठेवला. “एवढ्यातेवढ्यावरून कशाला डॉक्टरीणबाईंचा वेळ खायचा? अन् बाळाचं बारसं तोंडावर आलंय.”

डॉक्टरांनी त्यांना तो धोटा बोटांनी पाटावर वाजवून दाखवायला सांगितलं. आयुष्यभर ताल सांभाळलेली ती बोटं. खट् खट्, खटखटखट, मग काहीच नाही, मग एकदम खट्. डॉक्टरांचं हसू मावळलं. चकती छातीवर धरायला लावून त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. मग न घाबरवता समजावलं, की ठोक्यांचा ताल बिघडलाय. असं राहिलं तर हृदयात रक्ताची गाठ धरते, मेंदूत जाऊन बसते आणि माणूस एका अंगानं लुळा पडतो. पण वेळेवर कळलंय, औषध आहे. उद्याच नाशिकला जायचं.

“बारशाला पाळणा म्हणता येईल ना?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“बसून म्हणा. पण उद्या नाशिक.”

हेमलतानं सासूबाईंचा हात घट्ट धरला. त्या कुरकुरल्या, की या पोरीपुढं आता काही लपवायची सोय राहिली नाही. पण हात सोडवून घेतला नाही.

डॉक्टर मात्र पडद्यापुढून उठेनात. अवजाराचं नाव दिसलं, की निरोप्या ते वाक्य ‘कामधंद्या’त टाकून मोकळा होत होता. माणसांची नावं झाकून त्यांनी तालुक्यातल्या अशा नोंदींचा ढीग उघडला, तर चारशे वाक्यं निघाली. हे आता कोण उलगडणार, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“वाचा की,” द्वारकाबाई सरसावून बसल्या.

“‘पायात आवा पेटतो.’”

“कुंभार असंल, आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. तळव्यांची आग होत असंल बिचाऱ्याच्या.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढचं वाचलं, “‘डोक्यात चाळण फिरते.’”

द्वारकाबाईंनी बराच विचार केला. गवंडी? गिरणीवाला? की पापड लाटणारी कुणी? मग मान हलवली.

“हे नाही बाई सांगता येत. पण त्याला कुणी जवळ बसून विचारलंय का, बाबा, फिरते म्हणजे नेमकं काय होतं तुला?”