हळू हाताचा चेंडू

कल्याणच्या खाडीकाठी लाकडाच्या वखारींची रांग होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. साल अठराशे चौऱ्याऐंशी, मार्गशीर्षातली कोवळी सकाळ. तुळसा वखारीत बसून शिसवाचे तुकडे निवडत होती आणि तिच्या पावलाशी एक लाकडी चेंडू येऊन थांबला. सोललेल्या नारळाएवढा. गडगडत आला म्हणावं, तर तेवढीही घाई त्याला नव्हती... चालत आला म्हटलं तरी चालेल!

"लागला का हो?" फळ्यांच्या ढिगामागून आवाज आला आणि मागोमाग एक तरुण.

"लागायला आधी पोचायला तर हवा," तुळसा म्हणाली. "चेंडू आहे की सणाला निघालेला जावई?"

तो हसला. चेंडू उचलायला वाकला आणि वाकल्या वाकल्या तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. तुळसानं मान खाली घातली. हातातलं शिसव पुन्हा पुन्हा न्याहाळलं, पण त्यातलं काही तिला दिसलं नाही.

त्याचं नाव गुणाजी. रेल्वेच्या डबेदुरुस्तीच्या शेडमध्ये सुतार. स्टेशनापलीकडे साहेबलोकांचा खेळायचा एक लांबलचक हॉल होता. एका टोकाला नऊ लाकडी खुंट उभे करायचे आणि दुसऱ्या टोकावरून फळ्यांवर चेंडू सोडून ते पाडायचे, असा तो खेळ. फळ्या सैल झाल्या की गुणाजी दुरुस्तीला जायचा. कुठली फळी वाजते ते कळावं म्हणून हळूच चेंडू सोडायचा आणि कान देऊन ऐकायचा. ऐकता ऐकता त्याचा हात असा बसला, की एक दिवस फोरमन साहेबानं पाहिलं आणि इगतपुरीवाल्यांशी होणाऱ्या सामन्यात पाचवा गडी म्हणून त्याचंच नाव घातलं.

"शनिवारी सामना आहे," गुणाजी म्हणाला. "बाकीचे तोफेतून सोडावा तसा चेंडू सोडतात. माझा हा असा... सगळे हसतात. परशुराम मिस्त्रींकडे निघालेलो, चांगला चेंडू कातून घ्यायला. घर कुठं त्यांचं?"

"माझ्या मागं मागं या," तुळसा म्हणाली. "चेंडूसारखे येऊ नका पण. दुपार होईल."

परशुराम कातारी म्हणजे तिचे वडील. त्यांच्या पाळण्यांना आणि पोळपाटांना ठाण्यापर्यंत नाव होतं. कातकामाला दोन माणसं लागतात. दोन खुंट्यांमध्ये लाकूड अडकवायचं आणि त्याला चामड्याच्या वादीचे वेढे द्यायचे. एकानं वादी पुढंमागं ओढली, की लाकूड गरगर फिरतं. दुसऱ्यानं त्यावर पटाशी धरायची. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की वादी बायकांनी ओढायची आणि पटाशीला हात लावायचा नाही. पण तीन वर्षांपूर्वी परशुरामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि रीत गुपचूप उलटी झाली. वादी बाप ओढायचा, पटाशी लेक धरायची. दारात कुणी खाकरलं, की दोघं चटदिशी जागा बदलायचे.

हे गुपित तुळसाला चांगलंच महाग पडलं होतं. गेल्या वर्षी पनवेलची मंडळी तिला पाहायला आलेली. मुलाच्या आईनं प्रेमानं हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी पटाशीचा घट्टा तिच्या बोटांना लागला. "पुरुषाचं हत्यार धरणारी सून आम्हाला नको," एवढंच बोलून मंडळी पोहे टाकून उठली. तेव्हापासून तुळसा परक्या माणसासमोर मूठ मिटून बसायची.

गुणाजीनं खैराचा चेंडू मागितला. खैर सगळ्यात जड, साहेब तोच वापरतात म्हणे. तो गेल्यावर तुळसानं चेंडू कातला, वरून नुसतं तेल चोळलं आणि तो न्यायला आला तेव्हा परशुरामांनी आपल्या हातानं त्याच्या स्वाधीन केला. जाताना गुणाजी उगीचच दोनदा मागं वळला. एकदा पैशांची पिशवी विसरली म्हणून, एकदा काही नाही म्हणून.

शुक्रवारी सकाळी तो परत आला, तोंड एवढंसं करून.

"मिस्त्री, चेंडू चांगला आहे, पण माझ्याशी जमत नाही त्याचं. निम्म्या वाटेपर्यंत सरळ जातो आणि मग डावीकडं मान वळवतो. काल सगळे पोट धरून हसले. सामना उद्यावर आलाय."

"मला टाकून दाखवा," तुळसा मध्येच बोलली.

अंगणात एक लांब फळी आडवी टाकली. गुणाजीनं पाऊल पुढं टाकलं, गुडघा वाकवला आणि त्याचा हात मागून पुढं आला... किती सावकाश, किती मऊ! पाळण्याला झोका द्यावा तसा. चेंडू कधी हातातून सुटला तेही कळलं नाही. तुळसा चेंडूकडे बघायचं विसरून हाताकडेच बघत राहिली. असा हात डोक्यावरून फिरला तर माणसाला तिथल्या तिथं झोप लागेल, असं तिच्या मनात आलं आणि कानशिलं तापली.

"काय दिसलं?" त्यानं विचारलं.

"अं? ...चेंडू का?" ती सावरली. "तो खरबरीत आहे. जोरानं टाकणाऱ्याचा चेंडू फळीला धरायला वेळच देत नाही. तुमचा सावकाश जातो, फळी त्याला वाटेतच धरते आणि वळवते. खैर जडही पडतो, शेवटी तुमचा खांदा ओढला जातो. तुम्हाला शिसव हवं, बेताच्या वजनाचं. आणि वर लाख. पाळण्याला देतो तशी, गुळगुळीत. मग तो फळीवरून सरकत जाईल आणि खुंटांजवळ पोचल्यावरच वळेल."

"चेंडूला लाख?" परशुराम म्हणाले. "साहेबांच्या चेंडूला कुणी लाख देतं का! आणि माझा खांदा धरलाय. आज पटाशी धरवायची नाही. सोमवारी या."

"सोमवारी येऊन काय करू?" गुणाजी म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "मी सुतारच आहे की! पटाशी मी धरतो, तुळसाबाई वादी ओढतील."

तुळसानं बापाकडं पाहिलं. खांदा खरंच धरला होता, आज त्यांना वादीही ओढवली नसती. सुताराची पटाशी आणि कातकामाची पटाशी यांत फरक असतो. चेंडू बिघडणार आणि उद्या हा माणूस भर हॉलमध्ये हसं होऊन उभा राहणार. गप्प बसलं तर गुपित राहील. बोललं तर... हाही पनवेलवाल्यांसारखा उठून जाईल. जाऊ नये असं तिला फार, फार वाटत होतं. पण त्या हाताचं हसं व्हावं, हे तिच्यानं सोसवेना.

"उलट," ती म्हणाली. "वादी तुम्ही ओढा."

"तुळसे!" परशुराम ओरडले.

तिनं मूठ उघडली आणि पटाशी उचलली. गुणाजी तिच्या तळहाताकडे बघतच राहिला. मग खाली बसला आणि वादीची दोन्ही टोकं हातात घेतली.

वादी पुढं, वादी मागं. त्याचा हात इथंही तसाच, संथ, एका लयीत. शिसवाच्या काळ्या कुरळ्या साली तिच्या मांडीवर पडत होत्या. तिनं डोळ्यांनीच 'हळू' म्हणावं आणि त्यानं हळू व्हावं... बोलणं असं झालंच नाही. दुपार कलली तेव्हा तिनं मधाच्या रंगाची लाखेची कांडी फिरत्या चेंडूवर टेकवली. लाख वितळली, पसरली, मग केवड्याच्या पात्यानं घासता घासता चेंडूत अंगणातलं आभाळ दिसायला लागलं. आभाळाच्या कडेला दोन चेहरे होते.

"बरेच दिवस धरताय वाटतं पटाशी?" त्यानं हलकेच विचारलं.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "लोकांना कळलं तर आमच्या दारात कुणी येणार नाही."

 गुणाजी चेंडू उपरण्यात गुंडाळून, परशुरामांच्या पाया पडून निघून गेला. या वेळी मागं वळला नाही. तुळसानं अंगण झाडलं आणि शनिवारचा सगळा दिवस ज्याला त्याला उगाच टाकून बोलली.

रविवारी दुपारी तो दारात उभा होता.

"हरलो," त्यानं सांगून टाकलं. "कल्याण दोन खुंटांनी हरलं."

"अगं बाई! चेंडू वळला का?"

"वळला. अगदी तुम्ही म्हणालात तिथंच. शेवटच्या फेरीला नऊच्या नऊ पाडले! हरलो ते तोफवाल्यांमुळं. फोरमन साहेबानं तो चेंडू पदराखालच्या तान्ह्यासारखा हातात धरून पाहिला. असे सहा हवेत म्हणाला. कारकून कातणाऱ्याचं नाव लिहून घेतोय. मी म्हटलं, विचारून सांगतो. माझ्या तोंडून अजून काही गेलेलं नाही."

परशुराम ओट्यावर बसले होते. "माझं सांग की," ते म्हणाले. "आजवर तेच चाललंय."

तुळसा ओट्याशी आली. "माझं सांगा," ती म्हणाली.

"पोरी, गावभर होईल. पनवेल विसरलीस?"

"नाही विसरले, बा. पण हात लपवून लपवून दमले मी. ज्याला चालत नसेल त्यानं येऊ नये."

बोलून झाल्यावर तिला गुणाजीकडे बघायचा धीर होईना.

"सांगतो," गुणाजी म्हणाला. "पण एक अडचण आहे. कारकून पुरं नाव लिहितो. एकदा लिहिलं की खोडत नाही."

"मग?"

"मग... तुळसा परशुराम लिही म्हणू, की..." त्याचा आवाज त्याच्या चेंडूपेक्षाही सावकाश निघाला. "की माघातल्या मुहूर्तापर्यंत थांब म्हणू? पुढं माझं नाव लागलेलं तुला चालणार असेल तर. वादी मी ओढीन. उघड्या दारात."

परशुरामांनी मोठ्यांदा खाकरून तोंड भिंतीकडे वळवलं. "मला मेल्याला हल्ली काही दिसत नाही," ते भिंतीला म्हणाले.

तुळसानं मान वर केली. गुणाजी उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

"कारकुनाला म्हणावं," ती म्हणाली, "थांब."