टॉवेलवरचा गुलाबी डाग

जुईचा फोन आला तेव्हा प्रांजली सुपरमार्केटबाहेर सायकलला कुलूप लावत होती.

"ताई, बाबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. ॲम्ब्युलन्सने नेलंय. ते काय काय घेत होते, असं डॉक्टर फोनवर विचारतायत."

प्रांजली उत्तर देणार, तेवढ्यात जुईच्या नवऱ्याने, कुशलने, फोन हिसकावून घेतला.

"काय घेत होते ते तुम्हालाच ठाऊक. डाएट तुमचं होतं," तो म्हणाला. "बाबांना काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही."

फोन बंद झाला. कुलपाची किल्ली प्रांजलीच्या हातातच राहिली.

तिला भीती वाटायला कारण होतं. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली ही बाई. डच शिकली, परीक्षा पुन्हा दिल्या, आणि आत्ता कुठे अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्नमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून स्वतःची पाटी लावली होती. रविकांतकाका तिच्या सल्ल्याने दगावले असं एकदा पसरलं, की ती पाटी उतरवायला कुणी सांगायची गरज पडली नसती.

रविकांत म्हणजे कुशलचे वडील. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आले आणि आल्या आल्या त्यांचं पोट रुसून बसलं. भाकरी गेली, ब्रेड आला. थंडीमुळे चालणं बंद, पाणी पिणं त्याहून बंद. दुसरं काय होणार होतं? सासऱ्यांना घेऊन जुईच प्रांजलीकडे आली होती.

सल्ला काही जगावेगळा नव्हता. रोज दोन किवी, भिजवलेले सुके आलुबुखार, बिटाची कोशिंबीर, चोथा हळूहळू वाढवायचा, दुपारी कालव्याकाठी फेरी. इसबगोल एकच चमचा, पण भांडंभर पाण्याबरोबर आणि वर आणखी भांडंभर पाणी. काकांना ब्लडप्रेशरची लघवी वाढवणारी गोळी होती, म्हणून आधी त्यांच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, विचारून मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली. ती स्वच्छ आली. काका भारतातून आणलेलं सोनामुखीचं रेचक चूर्ण खात होते, ते तिने बंद करायला लावलं. यात माणूस बाथरूममध्ये पडेल असं होतं काय?

जुईने दुपारी फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला. शरीरातलं पाणी आटलेलं, पोटॅशियम तळाला गेलेलं, हृदयाचे ठोके वेडेवाकडे. काकांना काही दिवस सपाटून जुलाब होत होते आणि लाजेपोटी त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. पोटात कसलंतरी कडक रेचक जातंय.

इसबगोलाचं हे काम नाही, हे प्रांजलीला पक्कं माहीत होतं. ते पाणी धरून ठेवतं. पाण्याशिवाय घेतलं तर उलट आतडं तुंबेल, पण असं धुऊन काढणार नाही. मग काय?

तोवर मराठी मंडळींच्या ग्रुपवर विश्वासचा निरोप येऊन पडला होता. 'हल्ली काही जण फायबरचे प्रयोग करायला सांगतात. आपल्या ज्येष्ठांना जपा.' नाव न घेता सगळ्यांना कळेल असं लिहिण्यात विश्वासचा हात धरणारं कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत प्रांजलीच्या दोन अपॉइंटमेंट रद्द झाल्या.

विश्वास हा कुशलचा जुना मित्र. भारतात ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा, इथे एका बँकेत डेटा सांभाळतो. त्याची बायको पद्मजा अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या फ्लॅटमध्ये चटण्या, मेतकूट, मुखवास असलं सगळं करते आणि हा पाकिटं भरून घरोघर पोहोचवतो. निम्म्या मराठी घरांत पद्मजाच्या हातचं काहीतरी असतंच. कुशल वडिलांमागोमाग हॉस्पिटलात गेला, तेव्हा मागे जुईच्या मदतीला हेच दोघं धावून आले होते.

दुसऱ्या दिवशी प्रांजली सरळ कुशलच्या घरी गेली. दार जुईने उघडलं. रडून रडून डोळे सुजले होते. नवरा हॉस्पिटलात होता, आणि ही बाई घरात आलेली त्याला खपणार नाही हे जुईला माहीत होतं. तरी तिने आत घेतलं.

"चूर्ण कुठे आहे?" प्रांजलीने विचारलं.

"माझ्या कपाटात. तुम्ही बंद करा म्हणालात त्या दिवशीच मी ते चिकटपट्टी लावून लपवलं. पट्टी तशीच आहे, बघा."

"इसबगोल कोण द्यायचं?"

"मीच. दोन्ही भांडी पाणी समोर बसून पाजायचे."

"आणखी काय औषध? गोळी, काढा, कुणी दिलेलं काही?"

"काही नाही, ताई. देवाशप्पथ."

प्रांजली बाथरूममध्ये गेली. बेसिनवर साबणाची वडी होती. काकांना बाटलीतला साबण गिळगिळीत वाटायचा, म्हणून ते वड्या साताऱ्याहून घेऊन आले होते. बाजूला त्यांचा पांढरा टॉवेल. त्याच्या कडेला फिकट गुलाबी डाग होते.

"हे काय?"

"ते बिटाचे," जुई म्हणाली. "बाबा जेवून हात धुतात तेव्हा कधीकधी गुलाबी ओघळ दिसतो. खळखळून धुतलं की जातो. तुम्ही बीट सांगितलंत ना?"

प्रांजलीने टॉवेल परत टांगला आणि ती आत गेली. स्वयंपाकघर चकाचक होतं. जेवणाचं टेबल तर आरसा. तिने कौतुक केलं, तेव्हा जुई म्हणाली की हे विश्वासदादांनी केलं. काल ती सुन्न बसली होती तेव्हा पद्मजाताईंनी तिला धरून ठेवलं आणि दादांनी भांडी घासली, टेबलावरचे डबेसुद्धा रिकामे करून धुऊन ठेवले. तिच्या सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं.

हॉस्पिटलात रविकांतकाका उशीला टेकून पडले होते. चेहरा उतरला होता, हाताला सलाईन. कुशल दाराशीच उभा होता. त्याने प्रांजलीला अडवायला हात वर केला, पण काकांनी आतून तिला हाक मारली. मुलाचा नाइलाज झाला.

नर्सने प्रांजलीला जे सांगितलं ते ऐकून तिचे कान टवकारले. जुलाब थांबले नव्हते. आल्यापासून इसबगोल बंद, किवी बंद, जेवण हॉस्पिटलचं, पोटॅशियम शिरेतून चालू. ते एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून जायचं. असंच चाललं तर हृदयाचं काही खरं नाही, असं डॉक्टर सकाळीच कुशलला म्हणाले होते.

म्हणजे ते जे काही होतं, ते अजूनही काकांच्या पोटात जात होतं. इथे, या खोलीत.

ती खुर्ची ओढून बसली. "काका, बिटाची कोशिंबीर आवडली का?"

काकांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "सुनेला सांगू नकोस. बीट मी जन्मात खाल्लेलं नाही. कालव्यातल्या बदकांना घालायचो. तीही फार खुशीने खायची नाहीत."

"एक घाससुद्धा नाही?"

"शिवलोसुद्धा नाही."

मग टॉवेल कशाने रंगला होता? विचार करत ती बसली होती. काकांनी खुर्चीच्या पाठीवर टांगलेल्या आपल्या कोटाच्या खिशात हात घातला, छोटी स्टीलची डबी काढली, चिमूटभर तळहातावर घेऊन तोंडात टाकली आणि पाहुणचार म्हणून डबी तिच्यापुढे धरली.

"काका, हे काय आहे?"

"मुखवास. पद्मजाचा. घे ना."

"मी तुम्हाला विचारलं होतं, दिवसभरात काय काय खाता. हे सांगितलं नाहीत."

"अगं, मुखवास काय खाण्यात धरतात?" काका मनापासून आश्चर्याने म्हणाले. "पोटाला बरा पडतो म्हणून हल्ली दोन चिमटी जास्त घेतो, एवढंच."

प्रांजलीने डबी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. आत बडीशेप, जवस, तीळ, ओवा. सगळं तपकिरी, रंगीत दाणा एकही नाही. ती उठून नर्सकडे गेली आणि ही डबी आत्ताच्या आत्ता तपासायला पाठवा म्हणाली. परतताना कुशलसमोर थांबली.

"मला शिव्या नंतर द्या," ती म्हणाली. "आधी काकांच्या तोंडात बाहेरचं काहीही जाऊ देऊ नका. माझं, तुमचं, कुणाचंच."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की कुशलने नुसती मान हलवली.

काकांचे जुलाब हळूहळू आटोक्यात आले. डबीच्या तपासणीचा हॉस्पिटलचा निकाल आला त्या संध्याकाळी प्रांजलीने सगळ्यांना कुशलच्या घरी बोलावलं. विश्वास आला तो तोंड वाकडं करूनच. पद्मजा मात्र हॉस्पिटलातल्या काकांसाठी मऊ भात घेऊन आली होती.

प्रांजलीने टेबलावर तीन पांढऱ्या बशा ठेवल्या. शेजारी काकांची साबणाची वडी आणि भांडंभर पाणी.

"पद्मजाताई, तुमच्या पर्समध्ये मुखवास असतो ना? थोडा द्या."

पद्मजाने दिला. स्वतःही सवयीने चिमूटभर तोंडात टाकला. प्रांजलीने तो एका बशीत घातला. दुसऱ्या बशीत हॉस्पिटलने परत दिलेल्या डबीतला. मग जुईकडे वळून ती म्हणाली, "काकांची डबी ज्यातून भरायचीस, तसलं आणखी एक पाकीट आहे म्हणालीस ना? पोटासाठीचा मुखवास, हिरव्या लेबलचा."

जुईने फळीवरून पाकीट काढलं. सील फोडलेलं नव्हतं. विश्वासने मान वर केली आणि लगेच खाली घातली. प्रांजलीने सगळ्यांदेखत पाकीट फोडून तिसऱ्या बशीत दाणे ओतले. मग वडी पाण्यात घोळवून ते साबणाचं पाणी तिन्ही बशांत घातलं.

पहिली बशी होती तशी राहिली. दुसरी गुलाबी झाली. तिसरी त्याहून गडद.

"हा रंग ओळखलात?" प्रांजलीने विचारलं.

कुशल पुढे वाकला. "बारावीचं प्रॅक्टिकल," तो हळूच म्हणाला. "टायट्रेशन. एक थेंब जास्त पडला की असाच रंग यायचा."

"फिनॉल्फ्थॅलीन. आपण सगळ्यांनी हा रंग परीक्षेत पाहिलाय. आम्लात रंग नाही, साबणासारख्या अल्कलीत गुलाबी. हॉस्पिटलच्या निकालात हेच नाव आहे. पूर्वी हे जुलाबाचं औषध होतं. कॅन्सरची शंका आली म्हणून बऱ्याच देशांनी ते बंद केलं. काकांची ब्लडप्रेशरची गोळी आधीच पोटॅशियम घालवत होती, त्यात हे रोज चिमटी चिमटीने. टॉवेलवर बीट नव्हतं, कुशल. मुखवासाचा हात साबणाच्या वडीला लागला की रंग यायचा. तुम्ही दोघं बाटलीतला साबण वापरता, त्याने हा रंग येत नाही, म्हणून तुमच्या हातावर कधी दिसला नाही."

"पण हे घातलं कुणी?" कुशलने विचारलं, आणि त्याची नजर पद्मजाकडे गेली. पद्मजाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"पद्मजाताई स्वतः खातात तो मुखवास स्वच्छ आहे, पहिली बशी बघा. जुईनेही काही केलेलं नाही, कारण तिसऱ्या बशीचं पाकीट आत्ता तुमच्यासमोर फुटलं. म्हणजे कढईतून उतरल्यावर आणि पाकिटाला सील बसण्याआधी हे पडलं. पाकिटं कोण भरतं? केमिस्ट्री कुणी शिकवली? आणि काका पडले त्या दिवशी टेबलावरचे डबे कुणी धुतले?"

विश्वास टेबलाच्या कडेवर बोट घासत बसला होता.

"लोक म्हणायचे चव छान आहे, पण पोटाचं काही होत नाही," तो शेवटी म्हणाला. "आजोबांची कृती म्हणून मी ग्रुपवर एवढं लिहिलं होतं. हसायला लागले होते. म्हणून थोडंसं घातलं, फक्त हिरव्या लेबलच्या पाकिटांत. मग जो तो गुण आला म्हणून कळवायला लागला. मला कुणाला मारायचं नव्हतं."

"ते मला मान्य आहे," प्रांजली म्हणाली. "पण काका पडले तेव्हा तुम्हाला कारण कळलं होतं. डॉक्टर विचारत होते तेव्हा तुम्ही डबे धुतलेत. काका अजून तेच खात असतील का, हे एकदाही विचारलं नाहीत. आणि बोट माझ्याकडे दाखवलंत."

कुशल ताडकन उठला. जुईने त्याचा दंड धरला. पद्मजा मात्र नवऱ्याकडे बघत होती, आयुष्यात पहिल्यांदा बघावं तशी.

"लोक माझ्या हाताचं कौतुक करायचे," ती म्हणाली. "ते तुझं विष होतं?"

पद्मजाने नवऱ्यासमोरचा त्याचा फोन उचलला. ग्रुप उघडला, जिथे त्याचा निरोप अजून होता. त्याच्याखाली तिने बोलून निरोप टाकला, एका दमात, न अडखळता.

"मी पद्मजा. हिरव्या लेबलचा आमचा मुखवास कुणीही खाऊ नका. त्यात जुलाबाचं औषध घातलंय, माझ्या नवऱ्याने. ज्यांनी खाल्लाय त्यांनी आपल्या डॉक्टरला दाखवा. पाकीट फेकू नका, उद्या अन्नखात्याला मीच कळवणार आहे. प्रांजलीचा यात काडीचा दोष नाही. दोष आमच्या घरचा आहे."

कुशल प्रांजलीजवळ आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात पद्मजाचा फोन वाजला. टिलबर्गहून एक ओळखीची बाई होती. तिची सासू आत्ताच जेवून उठली होती आणि तिने चिमूटभर मुखवास तोंडात टाकला होता. बाईचा आवाज इतका चढला होता की सगळ्यांना ऐकू येत होता.

पद्मजाने ऐकून घेतलं. डोळे पुसले.

"आधी त्यांना थुंकायला सांग," ती म्हणाली. "मग मला काय बोलायचं ते बोल, मी फोन ठेवणार नाही."