बुचाखालचं पार्किंग

गाडी एवढ्या जोरात बोंबलेल असं मला वाटलंच नव्हतं.

मी फक्त तिच्यावर पडलेली बुचाची फुलं वेचत होते. पांढरीशुभ्र, लांब दांड्यांची! आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला बूच चार मजल्यांच्याही वर गेलेला. त्याची फुलं तोडायची सोयच नाही, रात्रीतून आपणहून पडतील तीच आपली. आणि माझ्या आईला देवासाठी मातीला टेकलेलं फूल चालत नाही. म्हणून मी सकाळी सकाळी या नव्या निळ्या गाडीकडे वळले... तर अलार्मने अख्खी बिल्डिंग जागी केली.

बर्म्युडातला एक मुलगा किल्ली घेऊन धावत आला.

"काय चोरताय?"

"फुलं," मी ओढणी पुढे केली.

तो बघतच राहिला. फुलांकडे की माझ्याकडे, कोण जाणे!

"मग चोरा. उद्यापासून अलार्म बंद ठेवतो."

हा निहार. दुसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला. नवा माणूस म्हणून कमिटीने हे उघड्यावरचं पार्किंग त्याच्या गळ्यात मारलेलं.

दुसऱ्या दिवशी पाहते, तर गाडी चकाचक.

"धुतलीस?" मी एकदम 'अरेतुरे'वरच आले.

"देवाची फुलं ना? म्हटलं, गाडीचीही आंघोळ झालेली बरी."

मग रोजच भेटू लागलो. बुचाच्या वेणीला सुई-दोरा लागत नाही, दांडीत दांडी गुंफत जायची. मी त्याला शिकवली. त्याची पहिली वेणी इतकी वाकडी झाली, की मी हसून हसून बेजार. पण ती माझ्या केसांत माळताना त्याची बोटं मानेला लागली, आणि... माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या दिवशी मला कळलं, मी या मुलाच्या प्रेमात पडले आहे.

डिसेंबरात एक छपराखालचं पार्किंग रिकामं झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. त्याचं नाव येऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. तो तिकडे गेला, तर आमच्या सकाळी संपल्याच! स्वार्थी म्हणा हवं तर. नेमकं सेक्रेटरी जयंतीभाईंनी चिठ्ठी काढायला मलाच बोलावलं.

"निहार..." मी वाचलं. माझ्याच हाताने माझी वाट लावली होती मी.

"मला नको," निहार उठून म्हणाला. "तिथे फुलं पडत नाहीत."

"अरे, वेडा झाला काय?" जयंतीभाई ओरडले. "मुंबईत छपराचा पार्किंग कोण सोडते?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेसुद्धा! मी तडक बाहेर पळाले. तो मागोमाग आला.

"रेवती, चिडलीस?"

"मूर्ख आहेस तू! बहर संपत आलाय रे. मग काय करशील इथे?"

"वाट बघेन," त्याचा आवाज पहिल्यांदाच चाचरला. "फुलं नसली तरी... येशील तू?"

आता लपवून काय उपयोग होता?

"निहार, आई कधीपासून बाजारातून झेंडू आणते देवाला. तुझ्याकडची फुलं... मी माझ्या उशाशी ठेवते."

त्याने माझा हात हातात घेतला. हॉलच्या खिडक्यांतून अख्खी सोसायटी बघत होती. बघू दे म्हटलं. मी हात सोडवून घेतला नाही.