टोचनची गाडी

नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागेत सुमंतच्या मामांची जुनी व्हॅन, तिचा म्हातारा ड्रायव्हर वारल्यापासून, कित्येक वर्षं उभी होती. चारही चाकांना जोर मिळणारी, एकेकाळी चिखलवाटांनी आजारी माणसं आणणारी. इंजिन जाम झालं होतं, पण सांगाडा दणकट. ती टोचन लावून, म्हणजे जीपला दोराने बांधून, नागपूरला आणायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या गोपिकाबाईंना अचानक नरखेडच्या बहिणीची आठवण झाली. बहीण काय, नंतरही भेटली असती. गाडी कशी आणतात ते बघायचं होतं.

निघायच्या आधी रविंद्र मेकॅनिक व्हॅनखाली शिरला आणि चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट खोलून आला. नाहीतर एवढ्या लांबच्या वाटेत गिअरबॉक्स जळून जातो म्हणे. स्टिअरिंगवर तोच बसणार होता.

"इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा," तो सुमंतला म्हणाला. "उतारावर मी नाही दाबला तर ही गाडी तुह्या जीपवर चढन. मी दारावर दोन थापा मारल्या का तू निघजो."

जीप संत्र्यांच्या क्रेटांनी भरलेली. गोपिकाबाईंना व्हॅनच्या मागच्या भागात, रोग्यांच्या लांब बाकावर बसावं लागलं. मागचं दार रविंद्रने बाहेरून तारेने बांधलं. पुढच्या केबिनच्या आणि त्यांच्या मध्ये पत्रा होता. दिसत काही नव्हतं, आवाज मात्र जायचा.

म्हणजे बोलायला हरकत नव्हती.

काटोलपर्यंत रविंद्र "हो काकू, नाही काकू" करत होता. काटोलला गाडी थांबली. केबिनचं दार वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं. मग दोन थापा, आणि गाडी निघाली.

"खर्रा आणला असन, तंबाखू-सुपारीचा," गोपिकाबाई म्हणाल्या. "लग्नानंतर सोडशील का नाही गा? पोरगी काय म्हणते?"

त्यांनी पत्र्याला कान लावला.

"काहून बोलत नाही? राग आला काय?"

पत्र्याला लागून कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. बाहेर ऊन कलत चाललं होतं. बाकाच्या जुन्या रेक्झिनला औषधाचा वास होता, तो आता जरा जास्तच येऊ लागला. वळणावर स्टिअरिंग कुरकुरायचं, उतारावर ब्रेक हळूच लागायचा, दोर ताठच्या ताठ. किती सांभाळून आणतोय पोरगा, त्यांच्या मनात आलं. मग त्याच एकेक सांगत बसल्या. सुनेचं, गुडघ्याचं, मालक गेल्यापासून घर कसं खायला उठतं त्याचं. इतकं निमूटपणे त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

एका मोठ्या उतारावर पलीकडून आवाज आला. हलका, खरखरीत.

"बाई... धरून बसा."

त्यांनी बाक धरला. त्याच क्षणी पुढे जीपचे टायर किंचाळले. व्हॅनने एक लांब, संथ श्वास सोडल्यासारखं केलं आणि ती थांबली. धक्का म्हणून लागला नाही.

काकू म्हणणारा पोरगा आज बाई काहून म्हणते, एवढंच त्यांना वाटून गेलं.

नागपुरात काटोल नाक्यावरच्या गॅरेजसमोर पोहोचले तेव्हा दिवे लागत होते. सुमंतने तार सोडली.

"काकू, रवीनं वाचवलं आज. समोर ट्रक आडवा झाला होता. मी ब्रेक मारला आन वाटलं, हे धूड आता मागून येते. तुम्ही तर आत कोंडलेल्या..."

तेवढ्यात एक मोटरसायकल येऊन थांबली. मागच्या सीटवरून रविंद्र उतरला. धुळीने माखलेला आणि संतापलेला.

"काय बे, काटोलले सोडून पळाला मले? खर्रा घोटून होईस्तोवर दम नाही? हाका मारून घसा फुटला. फोन गाडीत राहिला माहा."



"तू... आता आला?" सुमंतने विचारलं.

"मंग? गाडी चालवली कोणं?"

तिघेही केबिनकडे गेले. सीट रिकामी होती. डॅशबोर्डवर रविंद्रचा फोन पडलेला. हँडब्रेक वरपर्यंत ओढलेला.

गाडी आत ढकलायची होती. रविंद्रने हँडब्रेक सोडून पाहिला. हलेना. सुमंतने दोन्ही हातांनी जोर लावला. लोखंडावर लोखंड बसल्यासारखा तो घट्ट होता.

गोपिकाबाई पुढे आल्या. त्यांचं पाऊल मागे जाईना. ज्याला अर्ध्या वाटेत आपलं सगळं दुःख सांगितलं, ज्याने आपला जीव राखला, त्याला भ्यायचं तरी कसं? त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि रिकाम्या सीटकडे बघत हात जोडले.

"पोचलो जी आपण," त्या हळूच म्हणाल्या. "लय उपकार झाले तुमचे. आता सोडा... थकले असान."

हँडब्रेकचं बटण आपोआप आत दबलं. दांडा खाली आला, सावकाश, मागे झोपलेल्या रोग्याची झोप मोडू नये इतक्या सावकाश. मग केबिनचं पलीकडचं दार उघडलं, आणि बाहेरून कुणीतरी ते नीट लावून घेतलं.