ओव्हनची जुनी स्प्रिंग

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझा मामा खोटं बोलत नाही, आणि भुताखेतांवर तर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.

मामा गॅसच्या शेगड्या आणि ओव्हन दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी, एका सोमवारी दुपारी, त्याला एका घरून बोलावणं आलं. तिसरा मजला, अरुंद स्वयंपाकघर, कोपऱ्यात जुना गॅस ओव्हन.

"याचं दार आपोआप उघडतं हो," घरची सून म्हणाली. "घरात रांगतं मूल आहे. डोक्यात आदळलं म्हणजे?"

ओव्हनसमोर स्टुलावर तिचे सासरे बसले होते.

"राहू दे ना गं. उघडलं की मी लावतो," ते पुटपुटले.

"आजोबा, मी दुरुस्त केलेलं दार पुन्हा आपोआप उघडलं तर नाव बदलीन!" मामा हसला.

आजोबा हसले नाहीत.

मामाने गॅस बंद केला. ओव्हन तसाही गारच होता.

चार वाजले...

कर्रर्र...

दार वीतभर खाली आलं. आतून भाजत्या बिस्किटांचा वास आला.

गार ओव्हनमधून!

आजोबा लगबगीने उठले. आत वाकून पाहिलं. "छान आलाय गं रंग," म्हणाले, आणि दार हलकेच लावलं.

"सासूबाई रोज चारला बिस्किटं भाजायच्या," सून हळूच म्हणाली. "दार उघडून यांना रंग दाखवायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली."

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हातात घेतलेलं काम तो अर्धवट सोडत नाही. स्प्रिंग सैल झालीय, दुसरं काय, असं स्वतःला समजावत त्याने नवी बसवली. जुनी सवयीने हत्यारांच्या पेटीत टाकली. जुना भाग तो कधी फेकत नाही. कधी कुठे कामाला येईल, नेम नसतो.

दार घट्ट बसलं. आजोबा त्या दाराकडे असे बघत राहिले, की मामा चहालाही न थांबता निघाला.

दुसऱ्या दिवशी मामा घरीच होता.

चार वाजले...

हत्यारांच्या पेटीचं झाकण उघडलं. वीतभर. आणि तोच वास...

बुधवारीही तेच.

गुरुवारी सकाळी स्प्रिंग घेऊन तो धावतच गेला. तिसऱ्या मजल्यावर, दाराबाहेर चपलांचा ढीग होता.

"पहाटे गेले," सून रडत म्हणाली. "त्या स्टुलावरून हलायलाच तयार नव्हते. चार वाजले की विचारायचे, 'आज दार का नाही उघडत गं? रागावलीस का?'"

मामाच्या मुठीत स्प्रिंग होती. आता ती कुणाला देणार?

ती अजून त्याच्या पेटीत आहे. रोज चारला झाकण उघडतं... वास येतो... आणि झाकण तसंच उघडं राहतं.

एकदा धीर करून मामाच म्हणाला, "छान आलाय रंग," आणि झाकण लावलं.

ते लगेच पुन्हा उघडलं.

आजोबा गेले, हे त्या आजींना सांगून टाकावं असं त्याला रोज वाटतं. त्यासाठी चारला तो पेटीसमोर बसतोही. पण तोंडातून शब्द फुटत नाही.