तळहाताचा रंग

“बाजूला व्हा मॅडम, रक्त कुणासाठी थांबत नाही!”

बर्फाच्या ट्रेमध्ये सिरिंज घेऊन तो आयसीयूच्या दारातून असा सुटला, की मी भिंतीलाच चिकटले. नमुना रक्तातले वायू मोजणाऱ्या मशीनला लावून तो वळला... आणि हसला. बिल्ल्यावर नाव होतं, ‘निरंजन, टेक्निशियन’.

“कुणाला भेटायचंय?”

“कुणालाच नाही. मी नर्सिंग कॉलेजला शिकवते. ब्लड गॅसच्या धड्यासाठी जुने रिपोर्ट हवेत.”

“मग आत या ना.”

आत मला जायचं नव्हतं. गेल्या वर्षी माझे वडील, अण्णा, तिथेच गेले. त्यांच्या रिपोर्टातले रोजचे आकडे मला वाचता येत होते, आणि आई माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

मी दाराशीच थांबले, ते निरंजननं पाहिलं. रिपोर्टांवरची नावं झाकून त्या प्रती तो बाहेरच घेऊन आला. सोबत केळ्यांची फणी. “घरच्या बागेतली. आकडे बघून मुली घाबरल्या तर खायला द्या.”

मग तो दर गुरुवारी वर्गात मदतीला येऊ लागला. गुरुवारी माझी साडी कडक इस्त्रीची असते, हे मला मुलींकडून कळलं.

एका गुरुवारी मात्र तो दाराशीच थांबला. “इंदूरहून बोलावणं आलंय, ज्योत्स्नाजी. मोठं हॉस्पिटल. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय.”

“चांगलंच आहे की,” मी म्हटलं. फळ्याकडे वळले, तर हातातला खडू मोडला.

“पीएच कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. काय बिघडलंय?” मी वर्गाला विचारलं.

“श्वास,” पहिल्या बाकावरची तृप्ती म्हणाली.

“मग आम्ल खोडणारं बायकार्बोनेट का वाढलं?”

“किडनी संभाल रही है, मॅडम.”

“बरोबर. पण तिला दिवस लागतात.”

“मग पीएच पूर्ण नॉर्मल होतो?”

“जवळपास येतो,” मी म्हटलं. निरंजन माझ्याकडे बघत होता — आकड्यांकडे नाही.

“सर, मनगटातून रक्त घ्यायच्या आधीची टेस्ट दाखवा ना,” तृप्ती म्हणाली. “मॅडमच्या हातावर!”

वर्ग खिदळला. मी मूठ आवळली. त्यानं मनगटाच्या दोन्ही नाड्या अंगठ्यांनी दाबल्या. “उघडा.” तळहात पांढरा पडला होता.

“आता फक्त करंगळीकडची सोडायची. लाली परत आली, तर सुई टोचायला हरकत नाही. म्हणजे, दुसऱ्या नाडीचा हाताला... आधार...”

वाक्य तिथेच राहिलं. नाडीही सुटली नाही.

“सर, छोडो ना! हात बर्फ झाला मॅडमचा!”

तो दचकला आणि दोन्ही अंगठे एकदम उचलले.

“दोनों छोड दिये! सरांची टेस्ट फेल!”

माझा तळहात लाल झाला. त्याचे कानही.

“परत करा, सर!”

“पुढच्या गुरुवारी,” मी म्हणाले.

“पुढच्या गुरुवारी मी—”

“इथेच असा. नाहीतर मुलींच्या डोक्यात ही टेस्ट चुकीचीच राहील.”

“फक्त मुलींसाठी?” त्यानं हळूच विचारलं.

सगळा वर्ग कान देऊन बसला होता. बसू दे.

“नाही. माझ्यासाठी. थांबा ना, निरंजन.”

तो मोबाइल काढून व्हरांड्यात गेला, आणि खिडकीतून त्याचा आवाज आम्हा सगळ्यांनाच ऐकू आला... “नहीं सर, मेरा आना नहीं होगा. नहीं नहीं, घर पे सब ठीक है... बहुत ठीक है.”

मुलींनी बाकं बडवायला सुरुवात केली. त्यांना गप्प करायचं मी विसरूनच गेले.