राखून ठेवलेली शीर

त्याची शीर सापडेना, म्हणून त्या दोघांची ओळख झाली. नाहीतर रक्त घेणारी आणि रक्त द्यायला आलेला, यांच्यात बोलणं ते काय होणार... मूठ आवळा, मूठ सोडा, कापूस दाबून धरा, पुढचे या.

तिचा हात लॅबमध्ये सगळ्यांत हलका. इतरांनी हात टेकले की पेशंट तिच्या खुर्चीवर यायचा. त्या सकाळी तोही असाच आला. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. तिने बाही वर सरकवली आणि हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवली. कोपराशी जुन्या सुयांच्या खुणांची दाटी होती, आणि शिरा पार कडक झालेल्या.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"मी कशाला घाबरू? टोचणार तर मी आहे."

"नशा सोडून बरीच वर्षं झाली हो. आता सोफ्या-खुर्च्यांची कव्हरं शिवतो. सुई काही सुटली नाही, पण आता ती रेक्झिनमध्ये जाते." त्याने खुर्चीच्या हातावर बोट फिरवलं. "ही तुमची खुर्चीसुद्धा फाटलीय."

"खुर्चीचं राहू द्या. शीर कुठून आणू तेवढं सांगा."

त्याने डावा हात उलटा केला. मनगटाच्या जरा वर, बाहेरच्या बाजूला एक निळी शीर दिसत होती.

"ही घ्या. हिला मी कधीच हात लावला नाही."

"का?"

"राखून ठेवली. एखाद दिवशी चांगल्या कामाला येईल म्हणून."

पहिल्याच टोचणीला रक्त आलं. कापूस दाबून धरत तो म्हणाला, "इथे सगळे तुम्हाला ताई म्हणतात. मला ते जमेलसं वाटत नाही."

"मग काय म्हणाल?"

"सध्या काहीच नाही... रिपोर्ट आल्यावर बघू."

हसू आवरायला तिला पाठ फिरवावी लागली.

रिपोर्टमध्ये हेपटायटिस सी निघाला. कधीकाळी मित्रांच्या घोळक्यात फिरलेली एकच सुई, आणि तिच्यातून आलेला विषाणू इतकी वर्षं यकृतात चुपचाप बसून होता. गोळ्या सुरू झाल्या. तो तपासणीला यायचा, रांगेत मुद्दाम मागे राहायचा, म्हणजे नंबर तिच्याच खुर्चीवर लागेल. लॅबमधल्या सगळ्यांना ते कळत होतं. तिलाही कळत होतं, पण ती आपली नळ्यांवर नावं लिहीत बसायची.

शेवटचा रिपोर्ट तिने स्वतःच बाहेर रांगेपाशी येऊन सांगितला.

"गेला."

"कोण?"

"तुमचा जुना सोबती. विषाणू."

त्याने वर केलेली बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "म्हणजे आता इथे कोणत्या निमित्ताने येऊ?"

"निमित्त लागतंच का?" ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

दुसऱ्या दिवशी तो फोम आणि रेक्झिन घेऊन हजर. दुपारी लॅब रिकामी असताना त्याने ती खुर्ची नवीकोरी करून दिली. दाताने दोरा तोडत म्हणाला, "या खुर्चीत मी परत बसणार नाही. आता आलो तर तुला न्यायलाच येईन."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं : विषाणू गेला तरी यकृत आधीच खराब झालंय, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही.

तिच्या घरी लग्नाचा विषय निघाला तेव्हा दादा भरल्या ताटावरून उठला. आईने डोळ्यांना पदर लावला. आठवडाभराच्या अबोल्यानंतर दादाने निकाल दिला : दोन वर्षं त्याचे हात स्वच्छ दिसले पाहिजेत, मग बघू.

मग दर रविवारी तो यायचा आणि दारातच, चपला काढायच्या आधी, दोन्ही बाह्या वर करायचा. दादा उजेडात हात निरखून बघायचा. वहिनी पाण्याचा तांब्या देता देता बघायची. आई न बघितल्यासारखं करून बघायची. आणि ती... तीही बघायची, याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

"लोक डोळ्यांत बघतात," तो एकदा बागेत म्हणाला. "तू कोपरात बघतेस."

"मी नाही बघत."

"बघ गं. माझी इतक्या मायेने झडती कुणी घेतली होती?"

तिने त्याला कोपर मारलं. मग विचारलं, "सोनोग्राफी झाली?"

"झाली की. दुसरीकडे केली. तुझ्या ओळखीच्या लोकांपुढे शर्ट वर करायला लाज वाटते मला."

ती खळखळून हसली आणि विषय तिथेच राहिला. नशेच्या दिवसांत बिनदिक्कत खोटं बोलून जगलेला हा माणूस. पण त्याचं खोटं ती हातांवर शोधत होती, आणि हात तर खरंच स्वच्छ होते.

दोन वर्षं सरली. "शब्दाचा पक्का निघाला," असं दादाने कबूल केलं आणि लग्नाची तारीख ठरली.

त्यानंतर एका सकाळी तो लॅबमध्ये आला आणि स्वतःच शिवलेल्या खुर्चीत बसला. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडला होता. ढगळ शर्टाखाली पोट तट्ट फुगलं होतं.

"सोनोग्राफी..." एवढंच ती म्हणाली.

"आज केली. त्याआधी एकदाही नाही."

"का रे?"

"दादांनी मला एकदा बाजूला घेतलं होतं. म्हणाले, हॉस्पिटलची पायरी चढताना दिसलास तर परत सुरू झालं असं समजेन. मला वाटलं, विषाणू तर गेलाय. लग्न होऊ दे, मग निवांत तपासू."

तिला दादाचा राग आला, त्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. सगळं घर दोन वर्षं त्याच्या हातांवर पहारा देत बसलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"यकृतात गाठ आहे. बरीच मोठी. लग्न पुढे ढकला म्हणाले... मी म्हटलं, अलीकडे आणता येतं का बघतो."

सवयीने तो दोन्ही बाह्या वर करायला लागला. तिने उजवी खाली ओढली. डावा हात उलटा करून ती राखून ठेवलेली शीर बोटाने चाचपली. एकाच टोचणीत रक्त आलं. तिचा हात अजूनही हलका होता.

"मूठ सोड."

"सोडतो. तू सोडू नकोस."

तिने कापूस दाबून धरला. "मला काय म्हणायचं ते तू रिपोर्ट आल्यावर सांगणार होतास."

"आजचा यायचाय अजून."

"त्याची वाट नको बघूस. आत्ता म्हण."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हटलं, "बायको."

बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. रक्त कधीच थांबलं होतं, तरी तिने कापूस काढला नाही.

संध्याकाळी ती घरी गेली. दारातच तिने दादाला सांगितलं, तो पिवळा पडलाय, आज अॅडमिट केलंय.

"हॉस्पिटलमध्ये?" दादा ताडकन उठला. "हात बघितलेस त्याचे?"

"बघितले," ती म्हणाली. "स्वच्छ आहेत."

आणि आत जाऊन ती त्याच्याजवळ राहायला जाण्यासाठी बॅगेत कपडे भरू लागली.